वर्णन की प्रोग्रॅम? पॅकेजच्या माहितीफायलींचे वाद

जानेवारी २०१३मध्ये रुबी भाषेच्या रुबीजेम्स या भांडारात कुणीतरी एक पॅकेज चढवलं. घातक मजकूर पॅकेजच्या कोडमध्ये नव्हताच, तो माहितीफायलीत होता. सर्व्हरने नाव, आवृत्ती वाचण्यासाठी यॅमल या साच्यात लिहिलेली ती फाइल उघडली आणि आत दडवलेल्या आज्ञा सर्व्हरवरच चालल्या. भांडार बंद ठेवावं लागलं आणि साठवलेली पॅकेजेस इतर ठिकाणच्या प्रतींशी ताडून पाहावी लागली.

प्रत्येक पॅकेजसोबत अशी एक फाइल असते. पॅकेजचं नाव काय, आवृत्ती कितवी, लायसन्स कोणतं, कोणकोणत्या पॅकेजेसवर ते अवलंबून आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. आता एवढीशी माहिती कोणत्या साच्यात लिहायची, यावर भांडायचं काय? पण प्रोग्रॅमर यावर वर्षानुवर्षं भांडत आलेत, आणि ते भांडण वाटतं तितकं फुकटचं नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीने नव्वदच्या दशकातच ईमेलच्या हेडरसारखा साचा घेतला: शब्द, अपूर्णविराम, माहिती. वर्णन लांबलं तर पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करायची आणि मध्ये रिकामी ओळ हवी असेल तर नुसतं टिंब द्यायचं. दिसायला ओबडधोबड, पण साध्या एडिटरमध्ये कुणालाही जमतो. जावा भाषेच्या मेव्हन या टूलने एक्सएमएल निवडलं. तिथे एका अवलंबित्वासाठी चार-पाच ओळींचे टॅग सहज लागतात.

नोडच्या एनपीएम या पॅकेज-टूलने जेसन घेतलं. यंत्राला ते सोयीचं. इन्स्टॉलची आज्ञा दिली की टूल स्वतःच फाइल उघडून नवी नोंद टाकतं. माणसाचे मात्र हाल. शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम चुकून राहिला की सगळी फाइल बाद, आणि टिप्पणी लिहायची सोयच नाही. जेसनचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती मुद्दाम काढली होती, कारण लोक टिप्पण्यांतून पार्सरला सूचना देऊ लागले होते. मग एनपीएमच्या फायलीत ‘//’ नावाचीच एक नोंद करून तिच्यात टिप्पणी लिहिण्याची युक्ती रुळली. ही नोंद आम्ही कधीच वापरणार नाही, अशी हमी एनपीएमनेही देऊन टाकली.

यॅमलची खोड वेगळी. जुन्या नियमांत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला नॉर्वेचा दोन अक्षरी कोड ‘नाही’ म्हणून वाचला जातो. ३.१० ही आवृत्ती अपूर्णांक समजून ३.१ होते. आवृत्ती लिहिणं हेच ज्या फायलीचं मुख्य काम, तिथे ही चूक महागात पडते.

सगळ्यात लांब वळसा पायथनने घेतला. तिथे माहितीफाइल म्हणजे चक्क पायथनचा प्रोग्रॅम होता: सेटअप डॉट पाय. पॅकेजला काय लागतं हे कळायला तो चालवायचा. पण त्याच्या पहिल्याच ओळीत नमपायसारखं दुसरं पॅकेज मागवलेलं असेल आणि ते मशीनवर नसेल, तर काय लागतं हे कळण्याआधीच तो कोसळणार. शिवाय नुसती माहिती वाचायला अनोळखी माणसाचा कोड चालवायचा, हा धोका निराळाच. २०१६च्या पेप ५१८ या प्रस्तावात ही गाठ सोडवताना सगळे साचे तपासले गेले. जेसन हाताने लिहायला त्रासदायक ठरलं. यॅमलचे नियम छापले तर ८६ पानं भरतात, अशी नोंद झाली. जुन्या आयएनआय साच्याला नेमकी व्याख्याच नव्हती. उरलं टॉमल. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३मध्ये सुरू केलेला हा साचा रस्ट भाषेचं कार्गो हे टूल आधीच वापरत होतं.

निवड योग्यच होती, पण घाईची. टॉमलची १.० आवृत्ती यायला जानेवारी २०२१ उजाडलं. पायथनच्या पेटीत टॉमल वाचायची सोय आली ती ३.११सोबत, २०२२मध्ये, आणि तीही फक्त वाचायची. तोवर पिप हे टूल टॉमलचा पार्सर स्वतःच्या पोटात घेऊन फिरत होतं.

एवढं रामायण झाल्यावरही पायथनचं तयार पॅकेज, म्हणजे व्हील, उघडून पाहावं. आतली मेटाडेटा नावाची फाइल टॉमलमध्ये नाही. ती २००१मध्ये ठरलेल्या, ईमेलच्या हेडरसारख्याच साच्यात आहे. मधे तिला जेसनमध्ये न्यायचा प्रस्ताव आला होता, तो मागे घेतला गेला. ही फाइल कुणी हाताने लिहीत नाही, टूलच ती तयार करतं आणि टूलच वाचतं.