ट्रॅक्टर इंजिनातील दोषसंकेत : अर्थ व उपाय

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धान हे खरिपाचे प्रमुख पीक होय. साधारणतः २१ ते २५ दिवसांचे पऱ्हे रोवणीस योग्य समजले जातात. ते फार जून झाल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. म्हणून ऐन चिखलणीत ट्रॅक्टर बांधीत बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पिकाचेही नुकसान होते. भामरागड, एटापल्ली यांसारख्या दूरच्या भागांत कारागीर येण्यास वेळ लागतो. तेव्हा दोषाची प्राथमिक ओळख चालकास असणे अगत्याचे आहे.

५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा इंजिनांत डिझेलचे प्रमाण ठरविण्याचे काम बहुधा विद्युत नियंत्रकाकडे असते. पाण्याची उष्णता, तेलाचा दाब इत्यादी गोष्टी सेन्सर मोजतात. मोजमाप मर्यादेबाहेर गेले, की दिवा लागतो व पडद्यावर दोषसंकेत उमटतो.

अनेक ट्रॅक्टरांत या संकेताचे दोन भाग असतात. ‘एसपीएन’ हा आकडा दोष कोठे आहे ते सांगतो, तर ‘एफएमआय’ हा आकडा दोष कोणत्या प्रकारचा आहे ते सांगतो. एसपीएन ११० म्हणजे इंजिनातील पाण्याची उष्णता. त्यापुढे एफएमआय ० असल्यास इंजिन खरोखरच फार तापले आहे असे समजावे. त्यापुढे ३ किंवा ४ असल्यास विद्युतदाब अयोग्य आहे, म्हणजे दोष बहुधा तारेत, जोडणीत किंवा सेन्सरमध्ये असतो. पहिला आकडा एकच असला तरी उपाय निराळा असतो. म्हणून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. केवळ पहिला आकडा पाहून नवा सेन्सर विकत घेणे हा व्यर्थ खर्च होय.

इंजिन तापल्यास प्रथम भार काढावा. काही मिनिटे मंद चालवूनही उष्णता वाढत राहिल्यास ते बंद करावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले तणस व चिखल काढावा आणि पंख्याचा पट्टा पाहावा. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळत्या पाण्याने अंग भाजते. एसपीएन १०० व एफएमआय १ म्हणजे तेलाचा दाब धोक्याइतका कमी होय. अशा वेळी इंजिन तात्काळ बंद करावे. बांधी पुरी करण्याच्या मोहाने ते चालू ठेवल्यास बेअरिंगे जळून मोठा खर्च येतो. एसपीएन ९७ हा डिझेलमध्ये पाणी असल्याचा इशारा आहे. फिल्टरच्या तळाची तोटी उघडून पाणी काढावे, आणि डिझेल साठविण्याचे डबे स्वच्छ व झाकलेले ठेवावेत.

तारांचा दोष असल्यास जोडण्यांत चिखल शिरला आहे काय, उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हे इंजिन बंद करून पाहावे. विद्युत नियंत्रकावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये.

जुन्या इंजिनांत हवा काढण्यासाठी इंजेक्टरच्या नळ्या सैल करण्याची पद्धत आहे. नव्या इंजिनांत ती कदापि अवलंबू नये. तेथील डिझेलचा दाब हवेच्या सामान्य दाबाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो व त्याची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. अशी इजा वरून क्षुल्लक दिसली, तरी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

कित्येक चालक बॅटरीची तार काढून दिवा घालविण्याचा प्रयत्न करतात. दिवा विझला तरी दोष तसाच राहतो, आणि नोंद पुसली गेल्यास कारागिराचे काम मात्र अवघड होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील चालकांना एकत्र बोलावून प्रत्येकाच्या यंत्रपुस्तिकेतील दोषसंकेतांचा तक्ता समजावून द्यावा. संकेत, वेळ व इंजिनाचे चालू तास वहीत टिपून ते कारागिरास दूरध्वनीवर कळविल्यास तो योग्य सुटे भाग घेऊनच निघू शकतो, व त्याची दुसरी खेप वाचते.