टॅब की स्वरलिपी? बेस गिटार शिकणाऱ्या मुलांनी काय निवडावं

गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. हेब्बाळला आमच्या सोसायटीत मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली अशी सगळी घरं मिळून गणपती बसवतात. उद्घाटनाला मुलांनी काहीतरी वाजवावं असं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक अंकल मूळचे गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेले. त्यांनी स्वतःच एक चार मिनिटांची धून बांधली, प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहिला आणि मुलांच्या हातात ठेवला.

आमच्या शेजारच्या ताईंचा मुलगा नववीत आहे. दोन वर्षं फोनवर बघून बेस गिटार वाजवतो आणि छान वाजवतो. कितीतरी हिंदी-इंग्रजी गाणी त्याला पाठ आहेत. त्याने तो कागद पाहिला. पाच रेघा, त्यावर काळे-पांढरे ठिपके. एक अक्षर कळेना. कीबोर्डवाली सातवीतली मुलगी मात्र कागद बघून लगेच वाजवायला लागली. मुलगा घरी आला, गिटार कपाटामागे ठेवली आणि म्हणाला, ‘‘मला येतच नाही काही.’’

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला विचारलं, ‘‘तू इंटरनेटवर लिहितेस ना, सांग बरं. हा दोन वर्षं जे शिकला ते चुकीचं होतं का? आता क्लास लावून पहिल्यापासून शिकवायचं का?’’

हा प्रश्न फक्त ताईंचा नाही. घरी गिटार शिकणारं मूल असेल तर तो आज ना उद्या तुमच्याही घरात येणार आहे. म्हणून जरा नीट समजून घेऊ.

टॅब म्हणजे नेमकं काय?

बेस गिटारला साधारणपणे चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी आणि जी. टॅबमध्ये या चार तारांसाठी चार आडव्या रेघा काढतात आणि रेघेवर आकडा लिहितात. आकडा म्हणजे फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीचा क्रमांक. सगळ्यात खालच्या रेघेवर 3 लिहिला असेल तर सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची. 0 लिहिला असेल तर तार मोकळी वाजवायची. नवीन मुलं एकाच ठिकाणी गोंधळतात. कागदावर सगळ्यात वरची रेघ ही बारीक तारेची असते आणि गिटार हातात धरली की हीच तार सगळ्यात खाली येते.

एवढं कळलं की दहा मिनिटांत मूल काहीतरी वाजवायला लागतं. टॅबचं हेच मोठं बळ आहे. आणि ही काही आजकालची पळवाट नाही. 1507 मध्ये व्हेनिसच्या पेत्रुची या मुद्रकाने ल्यूट नावाच्या तंतुवाद्यासाठी अशा पद्धतीचं पुस्तक छापलं होतं. म्हणजे टॅबला पाचशे वर्षांहून जास्त इतिहास आहे.

टॅबचा आणखी एक फायदा स्वरलिपीतही मिळत नाही. बेसवर एकच स्वर अनेक ठिकाणी वाजतो. मोकळ्या बारीक तारेचा जी घ्या. तोच स्वर डी तारेच्या पाचव्या, ए तारेच्या दहाव्या आणि ई तारेच्या पंधराव्या फ्रेटवर मिळतो. स्वरलिपी फक्त ‘जी वाजव’ एवढं सांगते. टॅब नेमकी जागा दाखवते.

मग अडतं कुठे?

अडतं ते वेळेपाशी. तबला शिकणाऱ्या मुलाला कोणी नुसतं ‘धा धिं धिं धा’ लिहून दिलं, पण मात्रा किती, सम कुठे, खाली कुठे हे सांगितलंच नाही, तर तो काय वाजवणार? तीनतालाच्या 16 मात्रा लिहिताना आपण विभाग पाडतो, समेला आणि खालीला खुणा करतो. ठेका डोळ्यांना दिसतो तो त्यामुळेच.

फोनवर सापडणाऱ्या बहुतेक टॅबमध्ये नेमकं हेच नसतं. ‘3 3 5 3’ असे चार आकडे दिसतात. ते चार सारख्या ठोक्यांवर वाजवायचे, की पहिले दोन पटकन वाजवून मग थांबायचं? आकडे काही सांगत नाहीत. गंमत म्हणजे ल्यूटच्या त्या जुन्या टॅबमध्ये आकड्यांच्या वर वेळेच्या खुणा असायच्या. आजच्या चांगल्या छापील पुस्तकांतही असतात. घाईघाईत टाइप केलेल्या टॅबमध्ये त्या गळून गेल्या.

मग दोन वर्षं त्या मुलाचं काम कसं चाललं? कारण ती सगळी गाणी त्याने आधी ऐकलेली होती. बोट कुठे ठेवायचं ते टॅबने सांगितलं आणि कधी ठेवायचं ते कानाने. अंकलनी बांधलेली धून मात्र जगात कोणी ऐकलेलीच नव्हती. तिथे कानाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. चूक त्याच्या बोटांची नव्हती. त्याला कागदावरची लय वाचता येत नव्हती, एवढंच.

स्वरलिपी काय देते?

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये पाच रेघा असतात. ठिपका जितका वर, स्वर तितका उंच. ठिपका भरीव आहे की पोकळ, त्याला काडी आहे की शेपटी, यावरून स्वर किती वेळ टिकवायचा ते कळतं. बेससाठी बास क्लेफ वापरतात. त्यात खालून वर पाच रेघांवर जी, बी, डी, एफ, ए आणि चार मोकळ्या जागांत ए, सी, ई, जी हे स्वर येतात. सगळ्यात जाड मोकळी तार म्हणजे ई. ती पाच रेघांच्याही खाली, एका छोट्या जादा रेघेवर लिहितात. प्रत्यक्षात बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. सगळा स्वरसमूह जादा रेघांत अडकू नये म्हणून ही सोय.

सारेगम येणाऱ्या आपल्या मुलांनी एक फरक लक्षात ठेवावा. आपला सा गायकाच्या पट्टीप्रमाणे कुठेही सरकतो. स्टाफवरचा जी मात्र जीच राहतो. एकदा हे डोक्यात बसलं की सारेगम येणारं मूल स्वरलिपी लवकर पकडतं, कारण स्वरांमधली अंतरं त्याला आधीच माहीत असतात.

हा वाद आपल्याला नवा नाही

‘लिहून संगीत येतं का?’ हा प्रश्न मराठी माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. मुंबईच्या वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्या काळी चिजा गुरूच्या मुखातून शिष्याकडे जायच्या. गुरूने शिकवली नाही तर चीज त्याच्याबरोबरच संपायची. भातखंड्यांनी देशभर फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब अशी सोपी लिपी त्यांनी रूढ केली. कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची वेगळी स्वरलिपी वापरली.

या लिपीमुळे गुरूची गरज संपली का? नाही. मींड कशी घ्यायची, सूर कुठे हलकेच सोडायचा, हे आजही समोर बसूनच शिकावं लागतं. पण जे लिहिलं गेलं ते घराण्याबाहेरच्या मुलामुलींनाही मिळालं.

दुसरं उदाहरण गोव्याचं. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. तिथे तयार झालेले वादक मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांचा कणा बनले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे. सेबास्टियन डिसोझांसारखे अरेंजर ती प्रत्येक वाद्यासाठी लिहून काढायचे आणि वादक समोरचा कागद वाचून वाजवायचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातलं नाव हा या गुरूला शिष्याचा सलाम होता. दक्षिणेत इळैयराजा आजही आपल्या वादकांसाठी स्वतः स्वरलिपी लिहितात. अशा ठिकाणी वाचता येणं म्हणजे रोजीरोटी.

पण न वाचता मोठं होता येतं का?

हो, येतं. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी आपल्याला स्वरलिपी वाचता येत नसल्याचं अनेकदा सांगितलं आहे. उलट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत असंख्य गाण्यांना बेस देणाऱ्या कॅरल के उत्तम वाचायच्या आणि त्यांनी बेसची पाठ्यपुस्तकंही लिहिली. मॅकार्टनी स्वतःच्या बँडमध्ये, स्वतःची गाणी वाजवत होते. के रोज नवे लोक, नवं गाणं आणि हातात आलेला कागद अशा परिस्थितीत काम करत होत्या. तुमच्या मुलाला यातलं कुठलं आयुष्य हवं आहे, त्यावर उत्तर ठरतं.

तुमच्या मुलासाठी काय योग्य?

टॅब पुरेशी आहे, जर मूल हौसेसाठी, मित्रांबरोबर, ऐकलेली गाणी वाजवणार असेल. अशा मुलाला जबरदस्तीने पाच रेघांसमोर बसवलं तर वाद्यच सुटेल.

स्वरलिपी हवीच, जर शाळेचा ऑर्केस्ट्रा, चर्चचा वाद्यवृंद, जॅझ, स्टुडिओतलं काम किंवा पुढे संगीताची पदवी डोक्यात असेल. उभा डबल बेस शिकायचा असेल तरीही. त्याला फ्रेटच नसतात, मग आकडे लिहिणार कशाचे?

आणि दोन्ही हवं असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या परीक्षांची बेसची पुस्तकं पाहा. त्यांत वर स्टाफ आणि खाली टॅब, दोन्ही छापलेलं असतं. आमच्या हेब्बाळपासून जवळच, आर. टी. नगरमध्ये, अरुणा सुंदरलाल यांनी 1987 मध्ये सुरू केलेलं बंगळुरू स्कूल ऑफ म्युझिक आहे. तुमच्या शहरातही अशी संस्था किंवा शिक्षक असेल. चौकशी करताना एवढंच विचारा, ‘‘तुम्ही टॅबवरून आलेल्या मुलाला वाचायला शिकवता का, की सगळं पहिल्यापासून?’’

घरच्या घरी सुरुवात अशी करा

आधी फक्त लय वाचा. गिटार बाजूला ठेवून टाळीवर एक, दोन, तीन, चार मोजायचं आणि ठिपक्यांप्रमाणे टाळी द्यायची. रोज पाच मिनिटं.

मग चार मोकळ्या तारा स्टाफवर ओळखा. त्यानंतर पहिल्या चार फ्रेटपर्यंतचेच स्वर. बाकीचं नंतर.

पाठ असलेलं एक सोपं गाणं घ्या आणि त्याची टॅब स्वतः स्वरलिपीत लिहून काढा. वाचण्यापेक्षा लिहून जास्त लवकर येतं.

दोन्ही छापलेलं पुस्तक असेल तर टॅबवर कागदाची पट्टी ठेवून वाजवा. अडलं तरच पट्टी उचला.

आठवड्यातून एकदा काहीही न बघता, फक्त ऐकून एक ओळ शोधा. कान बंद पडू देऊ नका.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

अंकलनी त्याच्या कागदावर स्टाफच्या खाली टॅबचे आकडे लिहून दिले. ‘‘जागा खालून घे, वेळ वरून घे,’’ एवढंच म्हणाले. पहिले चार दिवस दोघं जिन्यात बसून नुसत्या टाळ्या वाजवत होते. वरच्या मजल्यावरून एक आजी विचारून गेल्या, ‘‘आरती सुरू झाली का?’’

उद्घाटनाच्या दिवशी तो दोन ठिकाणी चुकला. पण थांबला नाही, कारण आता आपण कुठल्या मात्रेवर आहोत हे त्याला कळत होतं.

ताईंनी क्लास लावला, आठवड्यातून एकच दिवस. टॅब बंद केलेली नाही. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तो वहीत पाच रेघा आखत होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘अंकलची धून फक्त त्या एकाच कागदावर आहे, ताई. तो हरवला तर? म्हणून उतरवून ठेवतोय.’’