पायटेस्ट: टेस्ट फसली की कळतं का फसली

पायथॉनमध्ये टेस्ट लिहायचा कंटाळा येतो? पायटेस्ट वापरून बघा. २००१ पासून पायथॉनसोबतच येणारं युनिटटेस्ट जावाच्या जेयुनिटवर बेतलेलं. त्यात आधी क्लास बनवा, मग असर्टइक्वल, असर्टइन असली नावं लक्षात ठेवा. पायटेस्टला साधं फंक्शन आणि भाषेतलाच असर्ट पुरतो.

खरी गंमत टेस्ट फसल्यावर! एरवी नुसता असर्ट फसला की पायथॉन ‘असर्शनएरर’ म्हणून मोकळा. पायटेस्ट मात्र टेस्टची फाइल इंपोर्ट होतानाच असर्टची ओळ आतून बदलून ठेवतं. त्यामुळे, समजा, बिल ११८ हवं होतं, १०० आलं, आणि ते कुठल्या फंक्शनमधून आलं, सगळं समोर दिसतं. जागोजागी प्रिंट टाकत बसायला नको.

आणि हो, कमांडला ‘--एलएफ’ जोडा: मागच्या वेळी नापास झालेल्या टेस्ट तेवढ्याच पुन्हा चालतात.