टपालाची छाननी आणि नगराची भूमी

टपाल-छाननीची अनेक केंद्रे बंद करून ते काम मोजक्या ठिकाणी एकवटण्याच्या धोरणाचा विचार बहुधा खर्च, यंत्रे आणि नोकरवर्ग ह्यांच्याच अनुरोधाने केला जातो. नगराच्या मध्यभागी त्यामुळे जी भूमी मोकळी होते, तिचा विचार मागाहून होतो. आणि मागाहून होतो म्हणूनच तो महाग पडतो.

छाननीचे कार्यालय नगराच्या गाभ्यातच का असे? एक तर टपाल रेल्वेने येई. दुसरे असे की, पाकीट कोणत्या खणात टाकावयाचे हे सॉर्टर पत्ता वाचून स्मरणानेच ठरवी. पत्ता ही तोवर सर्वस्वी भाषिक वस्तू होती. स्थळनामे, त्यांची पर्यायी रूपे आणि अशुद्ध लेखन ह्यांचे ज्ञान माणसांच्या डोक्यात साठविलेले असे. अमेरिकेत १९६३ साली पाच अंकी झिप क्रमांक आला. भारतात १९७२ साली सहा अंकी पिन आला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते, हे भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्थळनामाचे कार्य अंकाकडे गेले, अंक यंत्राला वाचता येऊ लागला आणि टपाल रेल्वे सोडून मोटारीने व विमानाने जाऊ लागले. यंत्रांच्या ओळीला एकाच पातळीवरील विस्तीर्ण जागा लागते. साहजिकच स्थानकालगतच्या अनेकमजली इमारतींचे प्रयोजन संपत आले.

शिकागोचे जुने मुख्य टपाल कार्यालय हे ह्याचे ठळक उदाहरण होय. १९२१ साली बांधलेल्या ह्या वास्तूचा १९३२ साली प्रचंड विस्तार झाला आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस फुटांवर गेले. तिच्या खालून युनियन स्थानकाचे रूळ जातात. एवढा पसारा आवश्यक ठरला तो माँटगोमेरी वॉर्ड, सीअर्स रोबक अशा पेढ्यांमुळे. त्यांचा टपालाने चालणारा व्यापार शिकागोतूनच होई. पुढे होणाऱ्या हमरस्त्यासाठी इमारतीच्या पोटात वाट राखून ठेवलेली होती, आणि तो रस्ता कालांतराने खरोखरच तिच्यातून आरपार गेला. १९६६ च्या ऑक्टोबरात येथे एक कोटीहून अधिक टपाल तुंबून काम जवळजवळ ठप्प झाले. ह्या घटनेने अमेरिकेतील टपालव्यवस्थेच्या चौकशीला चालना दिली, आणि १९७० साली टपाल-पुनर्रचनेचा कायदा झाला. अखेर १९९६ साली छाननी दक्षिणेस हॅरिसन मार्गावरील नव्या केंद्रात हलविण्यात आली.

त्यानंतर ही वास्तू वीस वर्षे ओस पडली. रिकामी जागा आपोआप विकासाला आमंत्रण देते, हा समज येथे टिकत नाही. मजले इतके खोल की मध्यभागी उजेड पोहोचणे कठीण; खाली रूळ, पोटातून हमरस्ता; त्यामुळे वास्तू पाडणेही सोपे नव्हते आणि तिचे तुकडे करणेही नव्हते. वस्तुतः ह्याहून मोठी अडचण अधिकारांच्या विभागणीची होती. स्थलांतराचा निर्णय टपालखात्याचा, तर परिसराच्या भवितव्याची चिंता नगराची. खात्याच्या मालमत्तेवर नगराला कर मिळत नव्हता आणि ती केव्हा, कोणाला विकावी हे ठरविण्याचा अधिकारही नगराला नव्हता. २००९ च्या लिलावात ४ कोटी डॉलरची बोली लागली, पण व्यवहार झाला तो सुमारे २.४ कोटींत. नव्या मालकाच्या उत्तुंग मनोऱ्यांच्या योजना कागदावरच राहिल्या. २०१६ साली वास्तू पुन्हा विकली गेली तेव्हा वृत्तपत्रांनी १३ कोटींचा आकडा दिला. डागडुजीनंतर २०१९ पासून तेथे कचेऱ्या भरू लागल्या. मधल्या सात वर्षांत वास्तूवर फारसे काही झाले नव्हते. वाढ झाली ती भोवतालच्या जमिनीच्या मोलात, आणि त्या वाढीतला वाटा टपालखात्याला मिळाला नाही.

लंडनमध्ये क्रम वेगळा होता. पूर्व व दक्षिण लंडनची छाननी-केंद्रे २०१२ साली बंद करून काम माउंट प्लेझंट येथे एकवटण्यात आले. २०१३ साली रॉयल मेलचे खाजगीकरण झाले. २०१४ साली महापौरांनी माउंट प्लेझंटच्या अतिरिक्त जमिनीवरील गृहयोजनेला मंजुरी दिली, तीही इझलिंग्टन व कॅम्डन ह्या दोन्ही स्थानिक परिषदांचा विरोध डावलून. परवडणाऱ्या घरांचे प्रमाण अपुरे आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २०१७ साली ती जमीन १९ कोटी ३५ लाख पौंडांना विकण्यात आली. बांधकामाच्या परवानगीने वाढलेले हे मोल खाजगी भागधारकांच्या पदरी पडले. तीच मंजुरी खाजगीकरणापूर्वी मिळाली असती, तर ते सार्वजनिक तिजोरीत जाऊ शकले असते. उरलेल्या आवारात छाननीचे काम मात्र चालूच राहिले.