सनद, डम्प आणि तोतये

खाली झेरॉक्सचे दुकान, शेजारी दंतवैद्याची पाटी, आणि तिसऱ्या मजल्यावर संगणक-परीक्षेचे केंद्र, अशा एखाद्या पुण्या-ठाण्याकडील इमारतीत सकाळी दहाच्या सुमारास कोणी जाऊन उभा राहिला, तर समोरचा इसम परीक्षेला बसण्यास आला आहे की तुरुंगात कोणा आप्ताला भेटावयास, असा संभ्रम त्याला क्षणभर पडल्यावाचून राहणार नाही. घड्याळ, पाकीट, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, सारे एका कुलूपबंद कप्प्यात ठेवावयाचे. खिसे उलटे करून दाखवावयाचे. बाह्या वर सारावयाच्या. चष्मा काढून दाखवावयाचा आणि कारकुनाने त्याच्या काड्या निरखून होईपर्यंत डोळे मिचकावीत उभे राहावयाचे. ओळखपत्र, छायाचित्र, स्वाक्षरी हे सोपस्कार उरकले म्हणजे कच्च्या आकडेमोडीसाठी कागदाऐवजी एक पुसता येण्याजोगी पाटी व लेखणी हाती पडते, आणि ती परत केल्याशिवाय सुटका होत नाही. या पाटीची मला नेहमी मौज वाटते. अत्याधुनिक विद्येची परीक्षा, आणि हाती मात्र बिगरीतल्या मुलाप्रमाणे पाटी!

एवढा बंदोबस्त कशासाठी, हे कळण्याकरिता या परीक्षेतून मिळणाऱ्या सनदेचे मोल कोठून येते ते आधी पाहिले पाहिजे. विद्यापीठाची पदवी मनुष्याने चार वर्षे काय वाचले याची ग्वाही देते. परंतु एखाद्या बँकेच्या शाखा एकमेकींना जोडणारे नेटवर्क उद्या पहाटे तीन वाजता बंद पडले, तर ते याला सुरू करता येईल काय, याचे उत्तर पदवीत नसते, आणि ज्याला त्या मनुष्यास नोकरीवर ठेवावयाचे आहे त्याला स्वतःलाही पुष्कळदा ती विद्या अवगत नसल्यामुळे पारख करता येत नाही. ही अडचण ओळखून संगणक-व्यवसायातील कंपन्या आणि संघटना यांनी स्वतःच परीक्षा घेऊन दाखले देण्याचा शिरस्ता पाडला. कॉम्पटिआ या संघटनेची ‘ए प्लस’ आणि सिस्को कंपनीची ‘सीसीआयई’ या दोन्ही सनदा १९९३ सालच्या. सरकारी नोकरीच्या अर्जाला ‘एमएस-सीआयटी’चा दाखला जोडण्याची सवय झालेल्या महाराष्ट्राला संगणकाच्या दाखल्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. फरक एवढाच की या सनदांच्या बाबतीत केवळ नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यालाच दाखला लागतो असे नाही. त्याला नोकरी देणाऱ्या कंपनीलाही तो हवा असतो, कारण अमुक इतके सनदधारक पदरी असल्याशिवाय वरच्या दर्जाची भागीदारी द्यावयाची नाही, असा मोठ्या उत्पादक कंपन्यांचा दंडक आहे. मग तिमाही संपत आली की वरिष्ठांचे फर्मान सुटते, ‘या महिन्यात सर्टिफिकेशन क्लिअर झाले पाहिजे’. आणि इकडे सिस्कोच्या ‘सीसीएनए’ या प्राथमिक म्हणता येईल अशा परीक्षेची फीच ३०० डॉलर, कर वेगळा, म्हणजे नव्या पदवीधराचा जवळजवळ महिन्याचा पगार. नापास झाल्यास तेवढीच रक्कम पुन्हा भरावयाची. वरून दडपण आणि खाली रिकामा खिसा, या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या तरुणाला मित्र हळूच सांगतो, ‘वाचत काय बसलास? डम्प मार.’

डम्प म्हणजे प्रत्यक्ष परीक्षेत आलेले प्रश्न व त्यांची उत्तरे यांचा चोरटा संग्रह. ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घोकून दहावी झालेल्या आपल्या पिढ्यांना यात वावगे काय, असे प्रथमदर्शनी वाटते. किंबहुना डम्प मारणारी कितीतरी मुले ते गाईडाइतक्याच निर्मळ मनाने वाचतात. परंतु ‘अपेक्षित’ लिहिणारा मास्तर प्रश्नाचा अंदाज बांधीत असतो, आणि डम्प विकणाऱ्याने तो प्रश्न उचलून आणलेला असतो. परीक्षेस बसण्यापूर्वी येथील मजकूर बाहेर सांगणार नाही असा करार प्रत्येकाला मान्य करावा लागतो, तो मोडूनच हा माल बाजारात येतो. हा बाजार किती किफायतशीर होता याची कल्पना २००२ साली आली. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षांचे प्रश्न विकणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातील एका गृहस्थाने व्यापारी गुपिते चोरल्याचा गुन्हा त्या साली सिॲटल येथील संघीय न्यायालयात कबूल केला, आणि त्या कमाईतून घेतलेल्या ज्या वस्तूंवर त्याला पाणी सोडावे लागले त्यांत एक फेरारी आणि एक लेक्सस मोटार होती.

प्रश्न बाहेर न्यावयास कॅमेराच लागतो असेही नाही. अमेरिकेतील ‘जीआरई’ ही परीक्षा संगणकावर घेतली जाऊ लागली तेव्हा, १९९४ साली, कॅप्लान या शिकवणी-संस्थेने आपली काही माणसे परीक्षेस बसविली आणि केवळ स्मरणशक्तीच्या बळावर बरेच प्रश्न जमवून ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेपुढे ठेवले. ‘पाहा, तुमची तिजोरी उघडी आहे,’ असे सांगणाऱ्यावर त्या संस्थेने खटला भरला हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. पण तिजोरी उघडी होती हे काही खोटे नव्हते. कागदी परीक्षा एका दिवशी सर्वत्र होऊन जाते व तिचे प्रश्न दुसऱ्या दिवशी शिळे होतात. संगणकावरील परीक्षा वर्षभर रोज चालते, आणि आज जो प्रश्न सोमवारच्या परीक्षार्थ्याला आला तोच शुक्रवारच्याला येण्याचा संभव असतो. नापास झालेल्याने लगेच पुन्हा बसू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने पहिल्या वेळी २४ तासांची व पुढे १४ दिवसांची जी मुदत घातली आहे, तिचा एक उपयोग हाच, की फी भरून प्रश्न टिपण्यासाठीच वारंवार येणाऱ्याची पावले थोडी जड व्हावीत.

तेव्हा खिसे तपासून भागत नाही. प्रश्नच असा घडवावा लागतो की तो पाठ करून नेल्याने लाभ होऊ नये. नेटवर्कच्या परीक्षेतील एक नमुन्याचा प्रश्न घेऊ. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७० असा आहे आणि त्याच्या मागे तिरकी रेघ देऊन २६ हा आकडा लिहिला आहे. तर तो कोणत्या गटात मोडतो? ज्याला विषय समजला आहे तो जाणतो, की २६ लिहिले म्हणजे शेवटच्या आकड्याचे चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे गट पडले, पहिला ० पासून, दुसरा ६४ पासून, तिसरा १२८ पासून आणि चौथा १९२ पासून. सत्तर हा ६४ आणि १२८ यांच्या मध्ये आहे, सबब गट ६४ चा. डम्प मारणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते. त्याने ‘सत्तर दिसले की उत्तर ६४’ एवढेच घोकलेले असते. आता परीक्षकाने सत्तरच्या जागी १३० लिहिले की पहिल्याचे उत्तर सहज बदलून १२८ होते, आणि दुसरा मात्र त्याच जुन्या ६४ ला हात घालतो. एकाच साच्यातून असे शेकडो प्रश्न संगणकाकरवी पाडता येतात, आणि प्रत्येक परीक्षार्थ्याच्या वाट्याला मोठ्या साठ्यातून निवडलेली वेगळी प्रश्नपत्रिका देता येते.

इतके करूनही जो निसटतो त्याला पकडण्याचे काम संख्याशास्त्राचे, आणि ते पाहताना पेशवाईतील एखाद्या चतुर कोतवालाची आठवण व्हावी. दोन परीक्षार्थ्यांची बरोबर उत्तरे जुळली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण बरोबर उत्तर सर्वांचे एकच असावयाचे. पण चुका ज्याच्या त्याच्या निरनिराळ्या असतात, म्हणून दोघांच्या चुकाही एका ओळीने जुळू लागल्या की शंकेला जागा होते. वेळेचेही तसेच. वाचावयालाच दीड-दोन मिनिटे लागावीत असा अर्धा पानभर प्रसंग सांगून विचारलेला प्रश्न कोणी आठ सेकंदांत सोडविला, तर तो त्याने वाचलेलाच नाही, ओळखला आहे. आणखी एक युक्ती याहून खोल आहे. चोरांच्या संग्रहात शिरणार अशा काही प्रश्नांची उत्तरे तेथे मुद्दाम चुकीची पोहोचतील अशी तजवीज करावयाची, आणि तेच प्रश्न, एरवी अगदी सोपे, परीक्षेत गुणांविना मिसळून ठेवावयाचे. मग कठीण प्रश्न लीलया सोडविणारा मनुष्य त्या चार सोप्या प्रश्नांवर नेमका तोच चुकीचा पर्याय निवडतो आणि आपण कोणत्या पाणवठ्यावर पाणी प्यालो ते स्वतःच्या तोंडाने सांगून जातो. अर्थात हा सारा परिस्थितिजन्य पुरावा, आणि त्यावरून कोणाची सनद रद्द करताना परीक्षकाचा हात थोडा थबकला पाहिजे असे मला वाटते. आकड्यांना संशय घेता येतो, पण समोरच्याचा जबाब ऐकता येत नाही.

माझ्या मते खरा उपाय निराळाच आहे, आणि तो जुना आहे. सुताराची परीक्षा घेताना कोणी त्याला रंध्याविषयी चार पर्याय देत नाही. लाकूड पुढे टाकतात. सीसीआयईच्या आरंभीच्या काळात प्रयोगशाळेतील परीक्षा दोन दिवस चाले. उमेदवाराने खपून नेटवर्क उभे करावयाचे, मग परीक्षकाने त्यात हळूच बिघाड करून ठेवावयाचे, आणि उमेदवाराने ते शोधून काढावयाचे. पुढे ती एका दिवसावर, आठ तासांवर आली. रेड हॅट कंपनीची ‘आरएचसीई’ ही लिनक्सवरील परीक्षाही याच जातीची. तेथे चालू यंत्र पुढे ठेवून काम करून दाखवावयास सांगतात, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते काम टिकले तरच गुण मिळतात. अशा परीक्षांचे आराखडेही चोरीस गेले आहेत हे खरे. तथापि आठ तासांचे काम पाठ करावयाचे तर त्यातले निम्मे शिकूनच होते, आणि ही चोरी कोणी अवश्य करावी! मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून आपल्या वरच्या परीक्षांत, परीक्षा चालू असतानाच कंपनीचे ‘लर्न’ हे संदर्भ-संकेतस्थळ उघडून पाहण्याची मुभा दिली. वेळ मात्र वाढवून दिला नाही. ज्याला कोठे पाहावयाचे ते कळते त्याला पुस्तक उपयोगी पडते, आणि ज्याला कळत नाही त्याचा वेळ ते खाऊन टाकते. कॉपीचा कागदच अशा रीतीने परीक्षेच्या बाजूला फितूर झाला.

पण प्रश्न कितीही चांगला घडविला तरी उत्तर देणारा मनुष्य तोच आहे कशावरून, ही रुजुवात प्रश्नाला करता येत नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे मीच भाऊ म्हणणारा एक इसम उभा राहिला, कोकणात त्याच्याभोवती माणसे जमली, आणि १७७६ साली त्याला मृत्युदंड होईपर्यंत दरबाराला त्याचा घोर लागला होता. मूळ मनुष्याला जवळून ओळखणारे लोक हयात असताना ही गत! परीक्षा-केंद्रावरील कारकुनाने तर परीक्षार्थ्याला जन्मात कधी पाहिलेले नसते. ‘आधी पास, मग पैसे’ अशी राजरोस जाहिरात करणारे आधुनिक तोतये याच फटीतून आत शिरतात. गुणपत्रकावर केंद्रात काढलेले छायाचित्र जोडणे हा त्यावरचा साधा तोडगा, आणि तो चांगला आहे, फक्त नोकरी देणाऱ्याने ते छायाचित्र पडताळून पाहण्याची तसदी घेतली पाहिजे.

करोनाच्या साथीत, २०२० साली, ही परीक्षा मोठ्या प्रमाणावर घरात आली आणि तोतयांना दूरवरून दुसऱ्याचा संगणक चालविण्याची सोय सापडली. तिच्यावर उपाय म्हणून खोलीची चारी बाजूंनी छायाचित्रे, कॅमेऱ्यातून अखंड पहारा, ओठ हलवून प्रश्न वाचण्यासही मनाई असे कडक नियम आले. नियम रास्त आहेत. पण ते करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर होते ते स्वतंत्र अभ्यासिकेचे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहणारा माझ्या परिचयातील एक मुलगा परीक्षेच्या अर्ध्यावर आला होता, तोच ‘चहा ठेवू का रे?’ असे विचारीत त्याची आजी दारातून आत आली, आणि पडद्यावर परीक्षा रद्द झाल्याची सूचना उमटली. त्या माउलीला आजतागायत आपण काय केले ते उमगलेले नाही. घराची अशी झडती घ्यावी काय, हा प्रश्न अमेरिकेतही निघाला. ओहायो राज्यातील एका संघीय न्यायालयाने २०२२ साली, सरकारी विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीची कॅमेऱ्याने केलेली पाहणी ही घटनाविरोधी झडती ठरविली. खाजगी कंपन्यांना तो निवाडा लागू नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्याने केंद्र गाठावे हे बरे.

आपल्याकडे कायद्याचा आधार तोकडा आहे. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध २०२४ साली संसदेने केलेला कायदा लोकसेवा आयोग, रेल्वे, बँक-भरती इत्यादी परीक्षांपुरता आहे, आणि महाराष्ट्राचा १९८२ चा कायदा विद्यापीठे, परीक्षा-मंडळे व शासनाने नेमून दिलेल्या परीक्षांपुरता. परदेशी कंपनीची सनद त्यांच्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड कलम संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण त्यासाठी कोणी तरी फिर्याद दिली पाहिजे, आणि कंपन्यांचा कल फिर्यादीपेक्षा सनद रद्द करून पुढील परीक्षांस बंदी घालण्याकडे असतो.

माझे एक स्नेही गेली वीस वर्षे नेटवर्कच्या कामासाठी माणसे निवडतात. सनद ते पाहतात, तिच्यावरील क्रमांकही पडताळून घेतात, आणि मग ती बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर एक पत्ता लिहून पुढे सरकवतात. परवा मी त्यांच्या कचेरीत बसलो होतो तेव्हा सोलापूरकडचा एक मुलगा आला होता. आधीच्या दोघांनी पाठ म्हटल्यासारखी घडाघडा उत्तरे दिली होती, आणि आकडा बदलताच दोघेही गप्प झाले होते. या मुलापुढे कागद आला त्यावर शेवटचा आकडा होता २००, आणि तिरक्या रेघेमागे २६. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, पेन मिळेल का?’ पेन घेऊन त्याने कागदाच्या कडेला एकाखाली एक ०, ६४, १२८, १९२ असे आकडे मांडले, आणि शेवटच्यावर बोट ठेवले.