नवा कॉम्प्युटर सुरूच होत नाही?

दुकानाच्या हिशेबासाठी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला, पंखे फिरले. पण पडदा काळाच! अशा वेळी मदरबोर्ड बिघडला असे समजून व्यापारी बांधवांनी पुन्हा पैसे घालू नयेत, असे आम्ही सुचवतो. डीडीआर-5 रॅम असल्यास पहिल्या खेपेस काही मिनिटे थांबावे. नंतर प्लग काढून तपासावे. मदरबोर्डची 24 पिनांची वायर लावली, तरी प्रोसेसरजवळची 8 पिनांची वायर राहून जाते. मग पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीज मिळत नाही. रॅम खटका बसेपर्यंत दाबावी. ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल त्यालाच जोडावी. शेवटी एकच रॅम ठेवून पाहावे. एवढे करूनही पडदा उजळला नाही, तरच पावती घेऊन विक्रेत्याकडे जावे.