ग्रहणाने दिलेली सुट्टी

१५ फेब्रुवारी १९८० रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील कसोटी सामना सुरू झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेला हा एकच सामना होता. पहिल्या दिवसाचा खेळ पार पडला आणि दुसऱ्या दिवशी मैदानाची दारे बंद राहिली. त्या शनिवारी सूर्यग्रहण होते. खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून रायचूरमार्गे तत्कालीन आंध्र प्रदेशात आणि पुढे ओडिशाकडे गेला. मुंबई त्या पट्ट्याबाहेर होती. तरीही हजारो प्रेक्षक उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहतील, ही काळजी होतीच. म्हणून सामन्यातील विश्रांतीचा दिवस अलीकडे ओढून थेट दुसऱ्या दिवशी ठेवण्यात आला.

त्या दुपारी लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने हृषीकेश मुखर्जी यांचा ‘चुपके चुपके’ हा चित्रपट दाखवला. तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता. आज तो अभिजात चित्रपटांत गणला जातो. क्रिकेटचा सामना मधोमध थांबलेला, रस्ते ओस पडलेले आणि घरात सारे कुटुंब धर्मेंद्रच्या त्या शुद्ध हिंदी बोलणाऱ्या वाहनचालकाला हसत बसलेले, असा योग पुन्हा जुळून आला नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला मात्र ही करमणूक आली नाही. नांदेड आणि लातूर ग्रहणाच्या पट्ट्याला मुंबईपेक्षा जवळ, पण दूरचित्रवाणी अजून येथील घरोघरी पोहोचायची होती. लातूर तर तेव्हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला. येथे क्रिकेट म्हणजे आकाशवाणी आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठी कानाला क्रिकेट ऐकण्याची गोडी लावली होती. ज्यांनी वानखेडे मैदान कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, तेही क्षेत्ररक्षणाची मांडणी हाताच्या बोटांवर सांगत.

अशा श्रोत्यांसाठी विश्रांतीचा दिवस हा खेळाचाच एक भाग होता, हे आज समजावून सांगावे लागते. पाच दिवसांची कसोटी प्रत्यक्षात सहा दिवस चाले. मधल्या दिवशी खेळाडू आराम करीत आणि रसिक बोलत. रेडिओ गप्प असल्यामुळे बोलण्यास मोकळीक असे. खेळपट्टी उद्या कशी वागेल, कर्णधाराने अमुक गोलंदाजास इतक्या उशिरा का आणले, या प्रश्नांचा खल दुकानाच्या गादीवर, ओट्यावर, चहाच्या टपरीवर होई. संध्याकाळी हीच मंडळी टॉकीजमध्ये भेटत. निजामी राजवटीच्या सहवासामुळे उर्दू कानाला परिचित, त्यामुळे हिंदी चित्रपटांतील संवाद येथे विशेष चवीने म्हटले जात. क्रिकेटवरून निघालेली गोष्ट सिनेमावर आणि सिनेमावरून उन्हाळ्यातील प्रवासाच्या बेतावर कशी गेली, हे कोणाच्या लक्षातही येत नसे. कुंथलगिरी की जिंतूरचे नेमगिरी, की या खेपेस वेरूळला राहून जैन लेणी निवांत पाहायची? जैन कुटुंबांत सुट्टीचा प्रवास आणि तीर्थयात्रा या दोन वेगळ्या गोष्टी क्वचितच असत.

त्या सुवर्णमहोत्सवी सामन्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. इयान बॉथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर यांची जोडी जमू लागली असताना कपिल देवच्या चेंडूवर पंचांनी टेलरला यष्टीमागे झेलबाद ठरवले. चेंडू बॅटला लागला नव्हता, असे टेलरचे म्हणणे. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये उभा होता. त्याने पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. त्यानंतर बॉथम-टेलर जोडीची भागीदारी १७१ धावांपर्यंत गेली. बॉथमने शतक केले, सामन्यात तेरा बळी घेतले आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथने सामना घालवला असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु त्या सामन्यातील विजेत्यापेक्षा हरलेल्या कर्णधाराचे नाव अधिक आदराने घेतले जाते, हा हिशेब धावफलकात बसत नाही.

पुढे दौरे आखूड आणि गर्दीचे झाले, एकदिवसीय सामने वाढले, संघाच्या निवासाचा एकेक दिवस महाग झाला आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना रिकामा दिवस परवडेना. १९९० च्या दशकात विश्रांतीचा दिवस जवळजवळ नाहीसा झाला. त्यानंतर तो अवतरला तो प्रामुख्याने मतपेटीच्या कृपेने. डिसेंबर २००८ मध्ये बांगलादेशातील निवडणुकीसाठी ढाक्याची कसोटी एक दिवस थांबली आणि २१ सप्टेंबर २०२४ रोजी श्रीलंकेच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी गॉल येथील श्रीलंका-न्यूझीलंड कसोटी थांबली. क्रिकेटसाठी नाही, पण लोकशाहीसाठी तरी थांबणे शक्य आहे, एवढे त्यावरून दिसते.

विराम नेहमीच सुखाचा असतो असे मात्र नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यातील रणजी सामन्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम केवळ नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना मध्यंतर झाले आणि काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. निंबाळकर पुन्हा मैदानात उतरलेच नाहीत. त्यांना अधिकृत कसोटी सामनाही कधी लाभला नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या हंगामाला मधली सुट्टी आजही आहे. तेथे प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. जुलैच्या मध्यावर मात्र साखळी सामने तीन-चार दिवस पूर्ण बंद असतात आणि दोन्ही लीगमधील निवडक खेळाडूंचा एकच प्रदर्शनीय सामना होतो. ही प्रथा ६ जुलै १९३३ रोजी शिकागो येथे, तेथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाली. बाकीचे खेळाडू त्या दिवसांत कुटुंबासह सुट्टीवर जातात. रसिक अर्ध्या हंगामाचा ताळेबंद मांडतात आणि घरी बसून जुने चित्रपट काढतात. त्यांत लू गेरिग या खेळाडूच्या जीवनावरील १९४२ चा ‘द प्राइड ऑफ द यँकीज’ हमखास असतो. बेब रूथ हा थोर खेळाडू त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहे. उत्तर अमेरिकेतील जैन संघांच्या महासंघाचे द्वैवार्षिक अधिवेशनही बहुधा जुलैच्या आरंभीच्या सुट्टीत भरते. मराठवाड्यातून तेथे गेलेल्या कुटुंबांतील मुले त्यामुळे आजी-आजोबांना एकाच दमात अधिवेशनाची आणि बेसबॉलची हकीकत सांगतात, आणि येथील आजोबा ‘यात विकेट नाही मग बाद कसे होतात?’ हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारतात.

आपल्याकडील आयपीएलचे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या जैन घरात त्या वेळी भांडी घासून झालेली असतात. शेजारच्या घरी ताटे घेऊन सामना पाहिला जातो आणि येथे पाण्याचा नियम सांभाळून. ज्येष्ठांना दोन महिन्यांचा हा सलग मारा झेपत नाही. तरुणही कालच्या सामन्यावर बोलण्यापूर्वी आजचा सामना सुरू झालेला पाहतात. ९ मे २०२५ रोजी सीमेवरील तणावामुळे स्पर्धा थांबवावी लागली आणि १७ मे रोजी ती पुन्हा सुरू झाली. तो आठवडा सुट्टीचा नव्हता, चिंतेचा होता. पण अनेक दिवसांनी पडद्यावर सामना नसलेली संध्याकाळ आली, हेही खरे.

अशा रिकाम्या संध्याकाळी पाहण्यासारखा चित्रपट सुचवायचा झाला, तर प्रभातचा १९४१ चा ‘शेजारी’ सुचवावा. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम कोल्हापूरचे, त्यांचे वडील राजाराम वणकुद्रे जैन होते, ही गोष्ट आपल्या समाजातही फारशी बोलली जात नाही. या चित्रपटात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन वृद्ध शेजारी बुद्धिबळाच्या डावावर भांडतात, रुसतात आणि पुन्हा पटाशी येऊन बसतात. धरणाच्या वादात त्यांची मैत्री तुटते. मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांनी या भूमिका केल्या. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत तर हिंदू जागीरदारांनी मिर्झा आणि मुसलमान मझहर खान यांनी हिंदू ठाकूर उभा केला. डाव अर्धा ठेवून उठलेली दोन माणसे किती एकाकी होतात, हे तेथे एका शब्दाशिवाय कळते. चातुर्मासात सिनेमाचा त्याग करणाऱ्यांनी हा चित्रपट कार्तिकी पौर्णिमेनंतर पाहावा; इतकी वर्षे थांबलेला चित्रपट आणखी थोडे थांबेल.

चातुर्मासाचा उल्लेख आला म्हणून एक भेद स्पष्ट केलेला बरा. साधू-साध्वींचा तो स्थिरवास म्हणजे विश्रांती नव्हे. पावसाळ्यात भूमीवर जीवसृष्टी दाटते आणि विहारात तिची हिंसा होऊ नये म्हणून ते एका गावी थांबतात. त्यांच्या थांबण्याला कारण दुसऱ्या जिवाचे आहे. गृहस्थांच्या सुट्टीला इतके उदात्त कारण नसते. परंतु ते थांबले म्हणजे गावही थोडे थांबते, प्रवचनाच्या निमित्ताने एकमेकांची तोंडे पाहते, हे नांदेडला आणि लातूरला दर वर्षी दिसते.

खरी टंचाई आहे ती मुलांच्या सुट्टीची. ‘लातूर पॅटर्न’ने या भागाला डॉक्टर आणि अभियंते दिले, त्याचा अभिमान रास्तच आहे. नांदेडनेही तोच मार्ग धरला. मात्र दहावीची परीक्षा संपताच पुढील वर्ग सुरू होतात आणि अकरावी-बारावीचा उन्हाळा सराव परीक्षांत जातो. खेळाडूंना विश्रांती मिळावी म्हणून संघनिवडीत गोलंदाज आलटून-पालटून खेळवले जातात. रणजी स्पर्धाही २०२४-२५ पासून दोन टप्प्यांत विभागली, मध्ये दोन महिन्यांहून अधिक अंतर ठेवून. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकात तेवढे अंतर कोणी ठेवलेले नाही. ज्या घरात आजोबांनी कसोटीच्या विश्रांतीचा दिवस पाहिला आहे, त्या घरात तरी हा विषय जेवताना निघावयास हरकत नाही.

लातूर जिल्ह्यात तशी एक सुट्टी अद्याप टिकून आहे, आणि तीही ऐन हंगामाच्या मध्यावर. रब्बीची पिके उभी असताना मार्गशीर्षातील वेळा अमावस्येला सारे शहर शेतात जाते. गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते त्या दिवशी सुने असतात. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते, मग भज्जी, उंडे आणि आंबिल. ज्यांचे शेत नाही त्यांनाही निमंत्रण असते. व्यापारी जैन कुटुंबे ओळखीच्या शेतकऱ्यांकडे जातात आणि त्यांच्यासाठी कंदमुळे वगळून भज्जीचे वेगळे पातेले ठेवले जाते.

३० डिसेंबर २०२४ ची वेळा अमावस्या सोमवारी आली. त्याच दिवशी मेलबर्न कसोटीचा अखेरचा दिवस होता. भारताचा डाव १५५ धावांवर संपला आणि सामना १८४ धावांनी गेला. यशस्वी जयस्वाल ८४ धावांवर झेलबाद ठरला तेव्हा ध्वनिदर्शक यंत्रावर रेषा सरळ होती, तरी चेंडूची दिशा बदललेली दिसल्यामुळे तिसऱ्या पंचांनी त्याला बाद दिले. तो बाद होता की नव्हता, हा प्रश्न हरभऱ्याच्या बांधावर बसून सोडवण्यास लातूरकरांकडे त्या दिवशी दिवे लागणीपर्यंतचा वेळ होता.